आधी देऊळ की आधी घरं? वादळात उघड्या पडलेल्या गावाबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मेअखेरच्या वादळात तुमच्या गावातली १४ घरं उघडी पडली, ग्रामदेवतेच्या सभामंडपाचे पत्रेही गेले. मुंबई मंडळाकडे २ लाख ८० हजार जमलेत. गावकीने देवीला कौल लावला, म्हणजे पाकळ्या लावून तिचं मत विचारलं, आणि तो 'आधी देऊळ' असा आला. मंडळातली तरुण मंडळी म्हणतात आधी घरं. तुम्ही खजिनदार, म्हणून दोन्हीकडची बोलणी तुम्हीच खाताय. आणि शेवटी तुम्ही वैतागून विचारलंय की अशा वेळी श्रद्धा माणसाला उभं करते की आणखी खड्ड्यात घालते.

मी दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात आपत्तीनंतरच्या कामात २००५ च्या पुरापासून आहे. निसर्ग वादळानंतर तर सलग अडीच वर्षं हेच केलं. त्यामुळे तुमचं भांडण मला नवीन नाही. नावं बदलून सांगायचं तर मी ते सहा गावांत बसून ऐकलंय.

माझ्या मते देऊळ की घर हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. २ लाख ८० हजारांत ना १४ घरं नीट होतात, ना सभामंडप. खरा प्रश्न आहे की ही १४ची यादी केली कुणी, पैसा कुठे घालायचा हे ठरवणार कोण, आणि ज्यांचं नाव कुणाच्याच यादीत नाही त्यांचं काय. श्रद्धा कामाला येते की आड येते, हे या तिन्हींवर ठरतं.

काही गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत. पंचनामे झालेत का? गावकी एक आहे की दोन तट आहेत? देवस्थान नोंदणीकृत न्यास आहे की नुसतंच गावचं? तुमच्या पावत्यांवर 'मंदिर दुरुस्ती' छापलंय की 'वादळग्रस्त मदत'? उत्तरं बदलली तर सल्लाही थोडा बदलेल. पुढे जिथे तसं असेल तिथे सांगतो.

आता श्रद्धेचं. मी स्वतः फार देवदेव करणारा नाही, पण एक गोष्ट डोळ्यांनी बघितली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

३ जून २०२०. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत त्याहून मोठे. कोरोनाची टाळेबंदी चालू, देवळं-मशिदी मार्चपासून बंद, मुंबईचा माणूस गावात यायचा नाही. आम्ही होतो त्या गावात वीज यायला महिना लागला. फोन बंद. सुपारीच्या बागा एकाच अंगाला निजलेल्या, नारळ शेंड्यातून पिरगाळलेले, आणि कौलांचा खच इतका की पाखाडीवर पाय ठेवायला जागा नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती.

गावातला वड पाखाडीवर आडवा पडला होता. मुळांचा गड्डा पुरुषभर उंच, त्यात पाराचे चिरे तसेच अडकून वर आलेले. मला वाटलं, यंदा इथे कोण येतंय! साडेआठला पहिली बाई आली. ताटात वादळानेच पाडलेले दोन आंबे, चार गरे, हळदकुंकू. मग एकेक करत २५ जणी जमल्या. आडव्या खोडाला फेरे घालायचे कसे यावर जरा चर्चा झाली. शेवटी आठनऊ वर्षांच्या एका मुलीच्या हातात सुताची गुंडी दिली आणि तिला खोडाखालच्या सांदीतून पलीकडे पाठवलं. पलीकडच्या बाईने गुंडी खोडावरून अलीकडे टाकायची, की पोरगी पुन्हा खालून. चौथ्या फेऱ्याला ती म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाला तरी घाला, मला डोंगळे चावतायत." तरी सातही फेरे तिनेच केले.

पूजा पंधरा मिनिटांत आटपली. पण बायका हलल्या नाहीत. कुणाचे तांदूळ भिजले, कुणाच्या गोठ्याची भिंत आली, कुणाच्या सासऱ्याच्या गोळ्या संपल्या, हे त्या एकमेकींना तिथे पहिल्यांदा सांगत होत्या. दोन दिवस प्रत्येक घर आपापल्या ढिगाऱ्यात होतं. मी खिशातला कागद काढला आणि लिहायला लागलो. अर्ध्या तासात २५ घरांची अशी माहिती हाती आली, जी मला दारोदार फिरून चार दिवसांत मिळाली नसती.

श्रद्धेचा उपयोग मी म्हणतो तो हा. धीर मिळतो, ते आहेच, ज्याला मिळतो त्याला मिळतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही की फोन नसताना, दवंडी नसताना, कुणी बोलावलं नसताना २५ माणसं ठरल्या दिवशी ठरल्या जागी येतात. तिथी सगळ्यांना पाठ, जागा सगळ्यांना ठाऊक, काय करायचं हेही ठाऊक. कुठल्याही कार्यालयाला किंवा संस्थेला वादळाच्या तिसऱ्या दिवशी हे जमत नाही. आम्हाला तर नाहीच जमलं.

आता दुसरी बाजू, आणि ही माझ्या चुकीची आहे. त्या यादीवर मी दहा दिवस काम केलं, ताडपत्र्या वाटल्या, स्वतःवर खूशही होतो. अकराव्या दिवशी वरच्या अंगाने येताना एका गोठ्यातून चुलीचा धूर दिसला. आत एक साठीची बाई, गव्हाणीवर फळी टाकून तिच्यावर अंथरूण, खाली गाय. घर पूर्ण बसलेलं. मी विचारलं, तुमचं नाव कसं नाही आलं? ती म्हणाली, "मी कुठे येणार तिथे?" वटपौर्णिमेला विधवा येत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी यादी करताना सुचलं नाही. अशी तीन घरं सुटली होती.

म्हणजे ज्या चौकटीने २५ घरं जोडून दिली, तिनेच तीन गाळली. तुमच्या गावकीचंही हेच असणार. म्हणून मी गावकी मोडा असं सांगत नाही, तिच्याशिवाय काम होतच नाही. पण यादी मात्र तिच्यावर सोडू नका. यादी वेगळी करा, दोघांनी, एक बाई आणि एक पुरुष, गावाच्या शेवटच्या घरापासून उलट चालत या. घर नावावर नसलेले, गड्याच्या खोलीत राहणारे, माहेरी परत आलेली बाई, आदिवासीवाडीतली कातकरी घरं. कातकऱ्यांचं घर बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीत असतं, कागद नसतो, आणि कागद नाही म्हणून पंचनाम्यात नाव येताना मारामारी होते. पालखी ज्या घरात जात नाही तिथे आधी जा, बरंच काही कळेल.

सभा कुठे घेताय तेही बघा. देवळात घेतलीत तर बौद्धवाडी येणार नाही, आणि का येत नाहीत म्हणून पुन्हा त्यांनाच बोल लावला जाईल. शाळेच्या पडवीत घ्या. मोहल्ल्यातल्या मुस्लिम जमातीला निरोप पाठवा, आणि निरोप माणसाकरवी पाठवा, ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. निसर्गनंतर आम्ही होतो तिथे पहिले पंधरा दिवस सगळ्या गावाने पाणी भरलं ते मशिदीच्या बोअरवेलवर, कारण जनरेटर तिथेच होता. तिथेच एका फळीवर अख्ख्या गावाचे मोबाईल चार्जिंगला लागायचे, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही. पण सप्टेंबरात मोहल्ल्यातल्या दोन घरांवर वासे चढवायला हिंदू वाडीतले सुतार मजुरी न घेता गेले.

कौलाकडे येतो. तुमची तरुण मंडळी म्हणतात कौल थोतांड आहे. असेल, पण हे त्यांनी सभेत म्हटलं की सभा संपली. मी दुसरं विचारतो: कौलाला प्रश्न काय घातला होता? पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, एवढंच उत्तर देवी देते, प्रश्न माणूस घालतो. 'तुझं छप्पर आधी करू का' असं विचारलं असेल तर कौलाने दुसरं काही सुचवायची सोयच नाही. एका गावात आम्ही गावकारांना, म्हणजे गावकीच्या प्रमुखांना, विनंती केली की गाऱ्हाणं पुन्हा घाला आणि असं विचारा: 'आई, तुझी लेकरं पावसात आहेत, तू दिवाळीपर्यंत कळ काढशील का?' उजवा कौल, म्हणजे होकार, मिळाला. गावकार स्वतः म्हणाले की त्यांच्या मनात हेच होतं, पण बोलायचं कुणी? मी कौल मानतो की नाही हे इथे गैरलागू आहे. वडीलधाऱ्यांना मागे यायला मानाची वाट लागते आणि ती त्यांच्याच भाषेत असावी लागते, एवढं मला कळतं.

देवीला अगदी उघडं ठेवा असंही मी म्हणणार नाही. गाभाऱ्यावर चांगली ताडपत्री, दोन वासे, पन्हळीचं पाणी आत येणार नाही एवढी सोय पहिल्याच दिवशी करा. खर्च थोडा, पण त्याने निम्मं भांडण विझतं. म्हाताऱ्या माणसांना देवी भिजतेय हे खरोखर सहन होत नाही, यात ढोंग नसतं. सभामंडप थांबू शकतो.

पैशाचं सरळ गणित करा. २ लाख ८० हजार भागिले १४, म्हणजे घरामागे २० हजार. समान वाटलेत तर कुणाचंच छप्पर पुरं होणार नाही आणि ज्याचे मुलगे मुंबईत कमावते आहेत त्यालाही तेवढेच जातील. आम्ही दुसरा नियम धरला होता: पाऊस धरायच्या आत प्रत्येक घरात एक खोली कोरडी. फक्त एक. चूल, अंथरूण, कागदपत्रं आणि पोरांची दप्तरं तिथे. काही घरांना त्यासाठी १० पत्रे लागले, काहींना नुसती कौलं फिरवून द्यावी लागली. उरलेला पैसा ज्यांचं घर पूर्ण बसलंय त्यांच्याकडे. हा नियम सभेत कुणालाही समजतो आणि त्यावर वाद घालणं अवघड जातं.

पावत्यांवर 'मंदिर दुरुस्ती' असेल तर मात्र परस्पर फिरवू नका. देणाऱ्यांना विचारा, लेखी घ्या, नाही म्हणेल त्याचे बाजूला ठेवा. देवस्थान न्यास असेल तर त्याच्या स्वतःच्या पैशाला न्यासाच्या घटनेतले उद्देश लागू होतात, तिथे धर्मादाय कार्यालयात विचारल्याशिवाय हात लावू नये. मंडळाचा पैसा आणि देवस्थानचा पैसा एका वहीत असेल तर आजच दोन वह्या करा. खजिनदार म्हणून हे तुमच्या स्वतःच्या भल्यासाठी सांगतोय.

मजुरीवर पैसा घालवू नका, सावड करा, म्हणजे एकमेकांच्या घरी आळीपाळीने बिनमजुरी राबा. क्रम कसा लावायचा यावरून भांडण होतं, त्यावर आम्हाला सापडलेला तोडगा शिमग्यातल्या पालखीचा. पालखी कुठल्या घरानंतर कुठल्या घरी जाते हे पोरासोरांनाही पाठ असतं. त्या क्रमाने रोज दोन घरं घ्यायची. अर्थात पालखी मानकऱ्यांपासून सुरू होते, त्यामुळे पक्की घरं आधी आणि झोपडी शेवटी असं व्हायला लागलं. तेव्हा एका मानकऱ्यानेच सुचवलं की परतीच्या वाटेने घेऊ. मग पालखी न जाणारी घरं त्या यादीच्या डोक्यावर जोडली. पंचवीस दिवसांत छपरं झाकली गेली.

छपराबद्दल एवढंच, कारण तो वेगळा विषय आहे. पडवीचं छप्पर मुख्य छपराला एकसंध जोडू नका. वारा पडवीखाली शिरतो आणि पडवी उचलताना सगळं घर उघडतो. वेगळं असेल तर पडवी एकटी जाते. कडेच्या पत्र्यांना आकडे जवळजवळ मारा, मधल्यांना जरा लांब चालतात. आणि जुनी कौलं फेकू नका, निवडून रचून ठेवा.

सरकारी मदतीची वाट बघू नका, पण कागद सोडू नका. दुरुस्तीच्या आधी फोटो काढा, घर क्रमांकाची पाटी आणि घरातला माणूस फोटोत हवा. निसर्गच्या वेळी शासनाने दर वाढवले होते: फळबागेला हेक्टरी ५० हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. ऐकायला बरं वाटतं, पण आपल्याकडे सुपारीची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी ५० हजारांनी आले ५ हजार. तेवढ्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही भागत नव्हती. शिवाय सामाईक सातबारा. एका उताऱ्यावर सतरा नावं, त्यांतली अकरा मुंबई-ठाण्यात, आणि संमतीपत्राशिवाय पैसे खात्यात पडत नाहीत. मुंबई मंडळाने खरं तर हे काम अंगावर घ्यावं. वर्गणीइतकंच मोलाचं आहे, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं ते. गावात कुणी ना कुणी म्हणत असेल की देवी कोपली, अमक्याने तमकं केलं म्हणून वादळ आलं. यावर पहिल्या महिन्यात वाद घालू नका. मात्र ज्याचं घर गेलंय त्याच्या तोंडावर हे कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, आणि थांबवायला गुरव किंवा एखादा जुना वारकरी पुढे करा. आमच्या इथल्या एका माळकरी म्हाताऱ्याने सभेत एवढंच म्हटलं, "देवळाचंबी उडालंच की. मग तो कुणावर कोपला?" विषय पुन्हा निघाला नाही. मी तासभर वाऱ्याचा दाब आणि समुद्राचं तापमान सांगितलं असतं तर हे जमलं नसतं.

सगळ्यांत वाईट काळ पहिला महिना नसतो. तेव्हा माणसं येत असतात, ताडपत्र्या येतात, फोटो निघतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येणारे थांबतात आणि मग माणूस आपल्या वाडीकडे नीट बघतो. सुपारीचं रोप लावल्यावर पाचसहा वर्षांनी धरायला लागतं. सत्तरीच्या माणसाला हा हिशेब मांडून दाखवायची गरज नसते, तो त्याने कधीच केलेला असतो. अशा वेळी सण सांभाळा. २०२० साली २२ ऑगस्टला गणपती होते. कित्येक घरांत बाप्पा ताडपत्रीखाली बसले, चाकरमानी विलगीकरणात होते, आरतीला घरातलीच चार माणसं. तरीही वाडीतला एकेक माणूस घरोघर जाऊन लांबून नमस्कार करून आला, आणि त्या फेरीत आम्हाला दोन माणसं अशी आढळली की जी आठवडाभर धड जेवली नव्हती. सणाचा मोठेपणा कमी करा, ढोलताशा नको, पण फेरी सोडू नका. पिणं वाढलंय, बोलणं बंद झालंय, 'आता काय उरलंय' असं कुणी वरचेवर म्हणतंय असं दिसलं तर नुसतं नामस्मरण कर म्हणून सांगू नका. कुणीतरी सोबत जाऊन उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आता आहे, तेव्हा नव्हता. तो देवळाच्या फलकावर आणि मशिदीच्या दारात, दोन्हीकडे लिहून ठेवा.

तुमची सभा येत्या रविवारी आहे असं लिहिलंत. त्याआधी पत्र्यांचे भाव तीन ठिकाणी विचारून घ्या, पावसाच्या तोंडावर ते रोज चढतात. गावकारांना शनिवारी संध्याकाळी एकटे भेटा, सभेत पहिल्यांदा काही ऐकायला लावू नका. आणि तुमची यादी मी दोनदा वाचली. वाडीवार १४ नावं आहेत, पण देवळाशेजारचं गुरवाचं घर त्यात नाही. सभामंडपाचे पत्रे गेले तर त्याला लागून असलेलं ते घर वाचलं कसं? आमच्याकडे गुरवाचं घर देवस्थान बघेल असं गावाने धरलं, देवस्थानने ते गाव बघेल असं धरलं, आणि तो बायकोपोरांसह जुलैअखेरपर्यंत नगारखान्यात राहिला. जाताना एकदा डोकावून या.